न दिसणाऱ्या गॅसचा नकाशा कसा काढतात?

तेजोमेघाचा वॉलपेपर बऱ्याच जणांच्या मोबाईलवर असतो. त्यात गुलाबी चमकतो तो तापलेला वायू. नवे तारे मात्र तयार होतात ते थंड, काळ्या, रिकाम्या वाटणाऱ्या भागात.

मृग नक्षत्र घ्या. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक धुरकट ठिपका दिसतो, सुमारे १,३५० प्रकाशवर्षं दूर. त्याच्यामागे प्रचंड मोठा थंड ढग आहे, जवळजवळ सगळा हायड्रोजन रेणूंचा. गोची इथेच आहे. या रेणूतले दोन्ही अणू अगदी सारखे, त्यामुळे त्याला धन-ऋण टोकंच नाहीत. उणे २६० अंशांच्या आसपास तो रेडिओवर गप्पच असतो.

मग ऐकायचं कुणाला? कार्बन मोनॉक्साईडला. साधारण दहा हजार हायड्रोजन रेणूंमागे हा एक, पण बोलका! टक्कर बसली की गिरकी घेतो आणि गिरकी एका पायरीने मंदावली की ११५.२७ गिगाहर्ट्झचा सिग्नल सोडतो. (तुमचं वायफाय २.४ किंवा ५ वर चालतं.) १९७० मध्ये विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियस यांनी तो याच मृगातल्या तेजोमेघातून पहिल्यांदा पकडला.

एका रिसीव्हरची डिश म्हणजे एकाच पिक्सेलचा कॅमेरा. रोखायची, स्पेक्ट्रम घ्यायचा, जरा सरकवायची, पुन्हा तेच. आकाशगंगेचा २००१ चा प्रसिद्ध नकाशा असाच बनला, ४,८८,००० स्पेक्ट्रा जोडून. डिश होत्या फक्त १.२ मीटरच्या, एक अमेरिकेत आणि एक चिलीत. म्हणजे टेरेसवरच्या डीटीएच डिशच्या साधारण दुप्पट!

प्रोग्रामर म्हणून मला भारी वाटतं ते पुढचं. गॅस सेकंदाला १ किलोमीटर वेगाने आपल्याकडे आला, तर सिग्नल सुमारे ३८५ किलोहर्ट्झने वर सरकतो. म्हणजे प्रत्येक पिक्सेलमध्ये रंगाऐवजी वेगांची अख्खी यादी, सरळ थ्रीडी ॲरे. १९८० मध्ये वृषभेतल्या एल१५५१ ढगात असंच दिसलं: एका बाजूचा गॅस आपल्याकडे येतोय, दुसऱ्या बाजूचा लांब पळतोय. मध्ये धुळीत दडलेला नवजात तारा दोन्हीकडे गॅस ढकलत होता.

एक अडचण आहे. दाट ढगात हा सिग्नल स्वतःच अडतो, फक्त वरचा थर कळतो. तेव्हा जड कार्बनवाला, दुर्मीळ रेणू ११०.२ गिगाहर्ट्झवर ऐकतात.

खोडदच्या जीएमआरटीवर हे जमत नाही. तिथल्या डिश तारांच्या जाळीच्या आहेत, आणि २.६ मिलिमीटरची ही लहर जाळीतून आरपार जाईल.