दहा मीटर, पाचशे ग्रॅम आणि गावातला सुतार

"ताई, ह्या पेटीत काय आहे वो?"

देवरीहून नागपूरला जाणाऱ्या एसटीत कंडक्टरकाकांनी विचारलं आणि मी खरं ते सांगून टाकलं. "पिस्तूल." पुढच्या सीटवरच्या आजी सरळ उठून मागे गेल्या. काका दोन पावलं मागे सरकले. मग मी घाईघाईने "काका, एअर पिस्तूल, स्पर्धेचं, हवेवर चालतं" वगैरे सगळं सांगितलं, क्लबचं पत्र दाखवलं, तेव्हा कुठे तिकीट मिळालं.

चूक माझीच होती. आपल्या देवरी तालुक्यात बंदूक म्हटलं की लोकांना पोलीस आठवतात, नक्षली आठवतात, नाहीतर जंगलात चोरून शिकार करणाऱ्यांची भरमार आठवते. मेडल कुणाला आठवत नाही. पॅरिसमध्ये २०२४ला मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूलमध्ये ब्राँझ मिळवलं, चार दिवसांनी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने रायफलमध्ये मिळवलं, आणि त्यानंतर मला गावातून फोन यायला लागले. "पिस्तूल कोणतं घ्यायचं? कितीला येते?" सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच. मी कॉलेजात तीन वर्षं क्लबच्या पिस्तुलावर शिकले, फार मोठी खेळाडू नाही. पण हा प्रश्न चुकीचा आहे एवढं सांगण्याइतक्या चुका मी नक्की केल्यात. या लेखात त्यातल्या बऱ्याच वाचायला मिळतील.

आधी खेळ समजून घ्या. टार्गेट १० मीटरवर. एका हातात पिस्तूल, दुसरा हात खिशात किंवा कमरेला. ७५ मिनिटांत ६० शॉट्स. मधलं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलीमीटरचं, म्हणजे तुमच्या शर्टाच्या बटणाएवढं. आता गंमत बघा. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण एक फुटाचं अंतर असतं. पुढची साइट मागच्या खाचेत फक्त एक मिलीमीटर बाजूला सरकली, तर दहा मीटरवर छर्रा जवळजवळ तीन सेंटीमीटर बाजूला जातो. दहाचा थेट सात! आणि तुम्हाला वाटतं, नेम तर बरोबर होता.

म्हणून महागड्या ब्रँडच्या आधी मुठीचा विचार करा.

सुताराकडे जा

मोरिनी, स्टायर, पार्डिनी, वाल्थर, फाइनवर्कबाऊ ही नावं तुम्ही ऐकाल. ही सगळी परदेशी पिस्तुलं लाखाच्या पुढची आहेत. ती भारी असतात, वादच नाही. पण त्यांची लाकडी मूठ, म्हणजे ग्रिप, स्मॉल-मीडियम-लार्ज अशा मापात येते. तुमचा पंजा काही त्या मापात जन्माला आलेला नाही.

घरी एक चाचणी करा. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा, सुरक्षित दिशेला उभे राहा, नेहमीसारखी पकड घ्या, डोळे मिटा, हात उचलून नेम धरल्यासारखा करा. आता डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेच्या बरोबर मध्ये, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरची कड एका रेषेत दिसते का? दहा वेळा करून बघा. दर वेळी डावीकडेच किंवा खालीच दिसत असेल, तर तुमच्या मनगटाचा दोष नाही, मूठ तुम्हाला वाकडी बसतेय. अशी मूठ घेऊन तुम्ही साठही शॉट्स मनगट वळवून दुरुस्त करत बसता आणि चाळिसाव्या शॉटनंतर मनगट दमतं.

यावर उपाय स्वस्त आहे. मुठीवर खडूची पूड चोळा, पकड घ्या, सोडा. पूड जिथे पुसली तिथे हात टेकतो, जिथे तशीच राहिली तिथे पोकळी आहे. टोचतं तिथे कानस आणि काच पेपरने थोडं थोडं घासायचं, पोकळी असेल तिथे फर्निचरवाले वापरतात ती लाकडाची लांबी भरायची. हे काम आपल्याकडच्या सुताराला उत्तम जमतं. मी ज्यांच्याकडे गेले ते काका आधी म्हणाले, "पोलिसात नाही ना द्यायची मला?" मग मी पिस्तूल घरीच ठेवून नुसती मूठ काढून नेली, तेव्हा त्यांनी ती हातात घेऊन तासभर बघितली. त्यांचा एक सल्ला मी आजही पाळते: एका दिवशी एकाच जागचं लाकूड घासायचं. घासलेलं परत येत नाही.

नियमाचं भान मात्र ठेवा. मुठीने मनगटाला आधार देता कामा नये, आणि तळव्याखालचा सरकता आधार मुठीशी नव्वद अंशांपेक्षा कमी कोन करता कामा नये. अख्खं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलीमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे आणि वजन दीड किलोच्या आत हवं. स्पर्धेआधी तपासणीला हे सगळं मोजतात.

पाचशे ग्रॅमचा धडा

आता माझी फजिती. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा असा नियम आहे. पिस्तुलाची नळी उभी धरतात, ट्रिगरला वजन अडकवतात आणि उचलतात. चाप सुटला नाही तर पास. तीन संधी मिळतात.

एका स्पर्धेच्या आदल्या रात्री होस्टेलवर मी व्हिडिओ बघून ट्रिगरचा एक स्क्रू फिरवला. ट्रिगर हलका, लोण्यासारखा झाला. मला वाटलं, उद्या मैदान मारलं! सकाळी पंचांनी वजन उचललं. टक. दुसऱ्यांदा. टक. तिसऱ्यांदा पण तेच. माझ्याकडे साधी एलन की नव्हती. नाशिकच्या एका मुलीने तिची दिली, हात थरथरत स्क्रू परत आवळला, पुन्हा तपासणीच्या रांगेत उभी राहिले. पास झाले, पण आता तो ट्रिगर माझ्या ओळखीचाच राहिला नव्हता. पहिल्या दहा शॉट्सची सिरीज ८१. त्यानंतर सावरायला काही उरलं नव्हतं.

तेव्हापासून हे करते. एका छोट्या कापडी पिशवीत वाळू भरून, वर तारेचा आकडा लावून, सराफाच्या काट्यावर ती बरोबर ५१५ ग्रॅमची करून घेतली. किराण्याच्या काट्यावर नको, तिथे पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे होतात. पिस्तुलात छर्रा न घालता, हवा असताना कॉक करायचं, नळी छताकडे, पिशवी ट्रिगरच्या मधोमध अडकवायची आणि सावकाश उचलायची. वर दहा-पंधरा ग्रॅम ठेवायचं कारण थंडी-गरमीत आणि वापराने थोडा फरक पडतो. स्क्रू फिरवायचाच असेल तर एका वेळी पाव फेरा, तो वहीत लिहून, आणि स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा बारीक ठिपका देऊन. म्हणजे मूळ जागा सापडते. स्पर्धेच्या आठवड्यात मात्र कशालाच हात लावायचा नाही. कशालाच म्हणजे कशालाच!

कॉम्प्रेसरवाल्या दादांना त्रास देऊ नका

आपल्या गावातून हायवे जातो, टायरची दुकानं भरपूर. साहजिकच एका मुलाने विचारलं, सिलिंडर तिथे भरून मिळेल का? नाही. ट्रकच्या टायरला आठ-नऊ बार हवा लागते, पिस्तुलाचा सिलिंडर २०० बारला भरतात. त्यासाठी स्कूबा टाकी किंवा खास हातपंप लागतो, क्लबमध्ये तो असतो. हातपंपाने भरताना मधे थांबा, पंप तापला की आत ओल धरते आणि ती ओल शेवटी झडपेत जाते. सिलिंडर पूर्ण रिकामा करून ठेवू नका. आणि जोडणीला घरचं तेल अजिबात लावू नका. इतक्या दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचा किंचित हात, बस. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, ती वाचा. दहा वर्षं उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. जुनं पिस्तूल "एकदम स्वस्तात" विकणारे ही तारीख सांगत नाहीत बरं का.

छर्रे ४.५ मिलीमीटरचे, सपाट तोंडाचे घ्यायचे. डबा सांडला तर ते छर्रे सरावाला वापरा, स्पर्धेला नको, कारण शिसं मऊ असतं, कड चेपते. त्याच शिशामुळे रेंजवरून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. नळी साफ करायला फेल्टच्या गोळ्या मिळतात. लोखंडी सळई घालून घासणारे वीर मी पाहिलेत, त्यांच्या पिस्तुलाबद्दल न बोललेलं बरं.

आणि झडप, रेग्युलेटर, इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं सर्किट? ते उघडायचं नाही. माझ्यासाठी सगळ्यात जवळचा जाणकार माणूस नागपूरला, म्हणजे देवरीपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. खोललेलं पिस्तूल पिशवीत घालून तिथे नेण्यापेक्षा न खोललेलं नेलेलं बरं.

मोडायचं ते कुणाचंही मोडतं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, २५ जुलै २०२१ला, मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर पात्रता फेरीच्या मध्येच तुटला. जगातल्या उत्तम पिस्तुलांपैकी ते एक. दुरुस्तीत पंधरा मिनिटांहून जास्त वेळ गेला, घड्याळ थांबत नाही. परत आली तेव्हा ४४ शॉट्स बाकी आणि हातात चाळीस मिनिटांपेक्षा कमी वेळ. तिने ५७५ केले, बारावी आली, फायनल दोन गुणांनी हुकली. लोक तेव्हा काय काय बोलले! मला मात्र त्या ५७५चं जास्त कौतुक वाटतं. क्लबमध्ये आम्ही मुद्दाम याचा सराव करायचो: कोच मध्येच "तुझं पिस्तूल बंद पडलं" म्हणायचे, आम्ही दहा मिनिटं बाहेर बसायचो आणि उरलेल्या वेळात उरलेले शॉट्स संपवायचे. माझ्या पेटीत आता एलन कीचा संच, जास्तीच्या रबरी रिंगा, छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि भरलेला दुसरा सिलिंडर कायम असतो.

मग पैसे कशावर खर्च करायचे? पहिलं वर्ष कशावरच नाही. क्लबचं पिस्तूल वापरा, तोवर स्वतःचा पंजा आणि आपल्याला किती वजन झेपतं ते कळेल. बूट सपाट तळाचे, घोट्याच्या खाली संपणारे हवेत, घोटा झाकणारे चालत नाहीत. न वापरायच्या डोळ्यासमोर पट्टी लावायची तर तीन सेंटीमीटरपेक्षा रुंद नको, ती आईसक्रीमच्या डब्याच्या प्लॅस्टिकची कापली तरी चालते. आणि सगळ्यात मोठा सराव फुकट आहे: ड्राय फायर. पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून, छर्रा न घालता, फक्त साइटकडे बघत चाप ओढायचा. चाप सुटताना साइट हलली का, एवढंच बघायचं. समोर टार्गेट नसल्यामुळे डोळा पळत नाही. सुट्टीत देवरीला आले की मी रोज अर्धा तास हेच करते. आई आधी ओरडायची, आता त्या भिंतीवर कॅलेंडर लावत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. ४.५ मिलीमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त शक्ती नसलेल्या एअर पिस्तुलाला २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, आणि स्पर्धेची पिस्तुलं याच्या बरीच खाली असतात. २०१८च्या एशियन गेम्समध्ये राही सरनोबतने ज्या २५ मीटर प्रकारात सुवर्ण जिंकलं, त्यातलं पॉइंट टू-टू पिस्तूल मात्र अग्निशस्त्र आहे, त्याला परवाना लागतोच. पण परवाना लागत नाही म्हणून पेटी कुठेही उघडायची नाही. बिलाची झेरॉक्स, क्लबचं पत्र, ओळखपत्र पेटीतच ठेवा. नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग घातलेला, छर्रे वेगळ्या पिशवीत, पेटीला कुलूप. आणि एसटीत कुणी विचारलं तर "खेळाचं सामान आहे" म्हणा, पोलिसांनी विचारलं तर पूर्ण खरं सांगा. हा क्रम माझा मी ठरवलाय, आजींची सीट रिकामी झाल्यावर.

एक राहिलंच. आपल्याकडचा पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये पेटीतल्या फोमला ओल धरते, स्क्रूंवर गंज येतो, लाकडी मूठ फुगते आणि जून महिन्यात नीट बसणारी पकड ऑगस्टमध्ये घट्ट वाटायला लागते. तेव्हा लगेच कानस घेऊन बसू नका, दिवाळीपर्यंत ती परत जागेवर येते. पेटीत सिलिका जेलच्या पाच-सहा पुड्या टाका. विकत घ्यायची गरज नाही, चपलांच्या दुकानात मागितल्या तर मूठभर देतात.