हाड जुळतं, गादी का नाही?

मागच्या वेळी साताऱ्यात बोलणं संपल्यावर एका आजींनी आम्हाला गाठलं. "सर, नातवाचा मोडलेला हात दीड महिन्यात धरला. माझ्या गुडघ्याची गादी पाच वर्षं झाली, भरून येईना. असं का हो?" आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे मास्तर, तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. मग वाचलं, डॉक्टर मित्रांना छळलं. आज तेच सांगतो.

हाड म्हणजे वाळकं लाकूड नव्हे. कोलाजेनच्या तंतूंवर कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक बसलेले असतात, आणि आतून रक्त खेळत असतं. जुनं हाड पोखरणाऱ्या आणि नवं भरणाऱ्या पेशी आयुष्यभर कामावर असतात. सांगाडा साधारण 10 वर्षांत बहुतेक नवा होतो. फळ्या बदलत गेलेलं थीसियसचं जहाज तेच राहतं का, असं आम्ही वर्गात वर्षानुवर्षं विचारलं. ते जहाज आपल्याच अंगात आहे, हे काही सुचलं नाही!

हाड मोडलं की तिथे रक्त साकळतं, त्यात पेशी येतात. गंमत अशी, की त्या आधी बहुधा मऊ कूर्चाच तयार करतात, म्हणजे आजींना हवी असलेली वस्तू, आणि मग तिचं हाड होतं.

साताऱ्याहून खाली सांगलीकडे गेलं की मिरज. सायबेरियातल्या कुर्गानच्या इलिझारोव्ह यांची रिंगांची पद्धत आपल्या देशात रुजवणाऱ्यांत मिरजेचे डॉ. जी. एस. कुलकर्णी होते. उसाच्या ट्रॉलीखाली पाय चिरडला, दोन इंच हाडच गेलं, तर? चांगलं हाड एका जागी मुद्दाम कापायचं आणि टोकं दिवसाला 1 मिलिमीटर, तेही चार हप्त्यांत, दूर सरकवायची. फटीत नवं हाड येत राहतं. घाई केली तर ते धरत नाही, रेंगाळलं तर वेळेआधीच जुळून बसतं.

आता गादी, म्हणजे कूर्चा. गुडघ्यात ती जेमतेम 2 ते 4 मिलिमीटर जाड, तीन चतुर्थांश पाणी. रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. पाऊल टेकलं की स्पंजासारखं पाणी बाहेर, उचललं की आत. तिचं जेवण त्यातूनच. पण रक्त नाही म्हणून साकळणं नाही, आणि डागडुजीला पेशीही येत नाहीत. विल्यम हंटर यांनी लंडनमध्ये 1743 सालीच सांगितलं होतं, की गेलेली कूर्चा परत येत नाही. आज खालच्या हाडाला छिद्रं पाडून मज्जेतल्या पेशी वर आणतात, पण भरून येतं ते चिवट, तंतुमय; मूळचा गुळगुळीतपणा त्यात नसतो. प्रयोगशाळेत स्वतःच्या पेशी वाढवून बसवतात, ते तरुणांच्या लहान खड्ड्यांसाठी. सगळाच सांधा झिजला तर बदलणं उरतं.

पण झिजेल म्हणून बसून राहणं हे मात्र चूक. चालणं थांबलं की गादीचं जेवणच थांबतं, मांडीचे स्नायू सुटतात आणि सगळा भार सांध्यावर येतो.

आजींना आम्ही फोन केला. चार भिंतीचा चढ नको, सपाटीवर सोसेल तेवढं रोज चालायचं, आणि डॉक्टरांना विचारून मांडीचे व्यायाम, असं सांगितलं.

"आणि सर, ते बाराशे रुपयांचं चूर्ण?"

त्यानं गादी उगवत नाही, आजी.