दोन एकरांचा धनी आणि न विकलेले पदक

घरात जमीन थोडी आणि खाणारी तोंडे फार असली, की पैशाची किंमत कोणी शिकवावी लागत नाही. हरियाणातील झज्जर जिल्ह्यात पलडा नावाचे गाव आहे. तिथले उमरावसिंग यांची शेती होती अवघी दोन एकर, आणि तीही भावाबरोबर सामाईक. एवढ्या जमिनीवर दोन कुटुंबांचा संसार कसा रेटावा लागतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पण या शेतकऱ्याच्या घरात एक वस्तू अशी होती की ती विकली असती तर आजूबाजूची शेते विकत घेता आली असती. ती वस्तू म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस. ब्रिटिश अमदानीत सैनिकाला पराक्रमासाठी मिळणारे सगळ्यांत मोठे पदक. ते मागायला गिऱ्हाइके आली, पैसा दाखवला गेला. उमरावसिंग यांनी ते अखेरपर्यंत विकले नाही.

पदक तसे दिसायला काहीच नाही. सोने नाही, चांदी नाही. काशाचा एक काळपट क्रूस आणि त्याला लाल फीत. लढाईत जिंकून आणलेल्या तोफांच्या धातूतून ते ओततात, असे सांगतात. मोडीत घातले तर भांडीवाला चार पैसे देणार नाही. पण त्यामागे जे घडले त्याची किंमत शौकीन लोक लाखांनी मोजतात.

उमरावसिंग यांचा जन्म १९२० सालचा. गावच्या शाळेत शिकले. त्या वेळी हा भाग पंजाबच्या रोहतक जिल्ह्यात होता आणि जाटांच्या घरातून पोरगा फौजेत जाणे हा रिवाजच. दुसरे महायुद्ध पेटले त्या १९३९ साली ते भरती झाले आणि तोफखान्यात पहाडी तोफेवर लागले. या तोफा सुट्या करून खेचरांच्या पाठीवर लादून डोंगरातून न्यायच्या आणि मुक्कामाला पोचले की पुन्हा जोडायच्या. थोड्याच वर्षांत ते हवालदार झाले आणि एका तोफेची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

१९४४ चा डिसेंबर महिना. ब्रह्मदेशात, आराकानच्या कलादान खोऱ्यात इंग्रजांच्या बाजूने आफ्रिकेतील सैनिकही लढत होते. आज ज्याला घाना म्हणतात त्या गोल्ड कोस्टच्या पलटणीला आधार म्हणून उमरावसिंग यांची तोफ अगदी पुढे लावलेली होती. १५ आणि १६ तारखेच्या दरम्यान जपान्यांनी दीड तास तोफगोळ्यांचा आणि उखळी तोफांचा मारा केला आणि मग किमान दोन कंपन्या या ठाण्यावर चालून आल्या.

पहिला हल्ला उमरावसिंग यांनी ब्रेनगन चालवून आणि आपल्या माणसांचा नेम लावून देऊन परतवला. दोन हातबाँबनी ते स्वतः जखमी झाले होते. दुसरा हल्ला आला, तोही परतवला. पण तेव्हा तोफेवर ते आणि आणखी दोन गोलंदाज एवढेच जिवंत उरले. गोळ्या मोजक्या होत्या, तिसऱ्या हल्ल्यात त्याही संपल्या. मग त्यांनी तोफ उचलायची लोखंडी दांडी हातात घेतली. आपल्याकडची पहार डोळ्यांपुढे आणा, तशीच जड. ती घेऊन ते अंगावर आलेल्या शत्रूत घुसले, तिघांना लोळवले आणि शेवटी घावांवर घाव बसून तोफेपाशी पडले.

सहा तासांनी आपल्या फौजेने उलट हल्ला करून ती जागा परत घेतली. उमरावसिंग तोफेजवळ बेशुद्ध सापडले. डोक्याला असा मार बसला होता की चेहरा ओळखू येत नव्हता, पण दांडी हातात तशीच घट्ट होती. जवळपास दहा जपानी मरून पडले होते. आणि त्यांची तोफ? ती त्याच दिवशी पुन्हा धडाडू लागली. खरे तर सगळा झगडा तिच्यासाठीच होता. १९४५ च्या ऑक्टोबरात लंडनच्या राजवाड्यात सहाव्या जॉर्ज बादशहाने हे पदक त्यांच्या छातीवर लावले.

याच युद्धात आपल्या मराठी मुलखानेही हे पदक मिळवले. रायगडकडचे यशवंत घाडगे इटलीत लढता लढता १९४४ साली पडले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतच सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन पाणी ओलांडले. ते १९८४ पर्यंत हयात होते.

उमरावसिंग पुढे सुभेदार मेजर झाले, मानद कॅप्टन झाले. १९८३ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. पण निवृत्तीनंतरचे पोट त्या दोन एकरांवर आणि पेन्शनवर. मानाच्या शालींनी चूल पेटत नाही. पदक विकायचे का, असे कोणी विचारले तर त्यांचे म्हणणे एकच असे: ते विकले तर रणात पडलेल्या सोबत्यांच्या इभ्रतीला डाग लागेल. म्हणजे पदक आपल्या एकट्याचे आहे असे त्यांना वाटतच नव्हते.

मात्र हक्काचे मागायला ते लाजले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. १९९५ साली युरोपातील युद्धसमाप्तीला पन्नास वर्षे झाली म्हणून लंडनला मोठा सोहळा झाला. पाहुण्यांच्या खास तंबूच्या दारात पंच्याहत्तरीला आलेल्या उमरावसिंगांना अडवले. यादीत नाव नाही म्हणे! सोहळ्याची व्यवस्था पाहणाऱ्या एका ब्रिगेडियरची नजर छातीवरच्या पदकावर गेली आणि त्याने त्यांना आत नेले. आत पंतप्रधान जॉन मेजर होते. एवढ्या मोठ्या माणसापुढे गेल्यावर आपण नमस्कार करून हसून बाजूला होतो. उमरावसिंगांनी तिथेच गाऱ्हाणे मांडले: पदकधारकाला वर्षाला १६८ पौंड मिळतात, त्यात काय होते? ती रक्कम पुढे वर्षाला १,३०० पौंड झाली. वाढ एकट्या त्यांना नव्हे, इतर पदकधारकांनाही मिळाली.

नेपाळातील काही गुरखा वीर त्यांच्यानंतरही होते, पण भारतातील व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांत उमरावसिंग शेवटचे. २१ नोव्हेंबर २००५ रोजी दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात, वयाच्या ८५ व्या वर्षी, ते कर्करोगाने गेले. अग्नी मात्र पलड्यालाच दिला, सरकारी इतमामात. लष्करप्रमुख जनरल जे. जे. सिंग आणि राज्याचे मुख्यमंत्री भूपिंदरसिंग हुडा त्यांच्या गावी आले होते.