हीटर गार, इंजिन धोक्यात

महाराष्ट्रातील मोटारींमध्ये सर्वाधिक दुर्लक्षित भाग कोणता असेल, तर तो हीटर. मुंबईत त्याचे बटण निळ्या खुणेकडून लाल खुणेकडे वर्षानुवर्षे सरकत नाही. पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीतील काही पहाटेपुरतीच त्याची आठवण होते. ऑक्टोबर २०२० मध्ये रोहतांग खिंडीखालील ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि हिवाळ्यातही स्वतःच्या मोटारीने मनालीपलीकडे लाहौलपर्यंत जाण्याची वाट सुकर झाली. हीटर पूर्ण गरमवर ठेवूनही गार वाराच येतो, हे अनेकांच्या लक्षात येते ते अशा प्रवासात. मग अंगात आणखी एक स्वेटर चढवला जातो आणि प्रवास पुढे सुरू राहतो. वास्तविक हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नसतो. इंजिनाला थंड ठेवणाऱ्या यंत्रणेत काहीतरी बिघडले असल्याची ती पहिली सूचना असू शकते.

उष्णता येते कोठून?

पेट्रोल वा डिझेलवर चालणाऱ्या मोटारीतील हीटरचा एसीच्या गॅसशी संबंध नसतो. इंजिनात इंधन जळताना निर्माण होणारी उष्णता वाहून नेण्यासाठी त्याच्याभोवती कूलंट, म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण, वॉटर पंपाच्या साह्याने सतत फिरत असते. हे गरम कूलंट पुढच्या बाजूच्या रेडिएटरमध्ये जाऊन थंड होते. त्यातलाच एक प्रवाह दोन रबरी नळ्यांमधून डॅशबोर्डमागे बसवलेल्या छोट्या रेडिएटरमध्ये फिरतो. त्याला हीटर कोअर म्हणतात. ब्लोअरचा पंखा त्यावरून हवा ढकलतो आणि उबदार झोत आत येतो. थोडक्यात, हीटर इंजिनाची वाया जाणारी उष्णताच वापरतो. झोत गार असेल, तर गरम कूलंट कोअरपर्यंत पोहोचत नाही, ते पुरेसे गरमच होत नाही किंवा हवा कोअरवरून जात नाही, या तीनपैकी एक गोष्ट घडलेली असते.

निदानापूर्वी इंजिनाला तापण्यास वेळ द्यावा. डिझेल इंजिन जागेवर उभे असताना फार सावकाश तापते. त्यामुळे पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवल्यानंतरच हीटरविषयी मत बनवावे. झोतच येत नसेल, तर दोष कूलंटचा नसून ब्लोअरचा फ्यूज, मोटार किंवा वायरिंग यांत शोधावा लागतो.

काटा वर, झोत गार

सर्वांत आधी पाहायचा तो डॅशबोर्डवरील तापमानाचा काटा. काटा लाल पट्ट्याकडे सरकत असताना हीटर गार वारा फेकत असेल, तर कूलंट गळून गेलेले असण्याची दाट शक्यता असते. पातळी खालावली की हीटर कोअरकडे जाणारा प्रवाह लवकर तुटतो. अशा वेळी गाडी सुरक्षितपणे बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत’ गाडी रेटल्यास इंजिनाचे हेड वाकते, गॅस्केट जळते आणि एका फाटक्या होज पाइपचे काम इंजिन उघडण्यावर जाते.

घाटात इंजिन तापू लागल्यास एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर लावावा, हा जाणत्या चालकांचा सल्ला खरा आहे. हीटर कोअर तेवढ्यापुरते जादा रेडिएटरचे काम करते. मात्र त्या वेळी झोत गरम आला, तरच आत कूलंट फिरते आहे असे समजावे. अनेक छोट्या मोटारींत काटा नसतो. थंड इंजिनासाठी निळा आणि अतितप्त इंजिनासाठी लाल, असे दोनच दिवे असतात. कूलंट फारच कमी झाले, तर तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडून चुकीचे दाखवू शकतो. म्हणून लाल दिवा लागला नाही, एवढ्यावरून निर्धास्त होऊ नये.

पातळी तपासायची ती इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी सपाट जागी उभी करून. बॉनेटखालील टाकीवर किमान आणि कमाल अशा खुणा असतात. पातळी त्यांच्या मध्ये हवी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. यंत्रणेतील दाबामुळे कूलंट शंभर अंशांच्या वरही उकळत नाही. झाकण निघताच ते वाफेसह उसळते आणि चेहरा व हात भाजतात. पातळी एकदा भरूनही पुन्हा घटत असेल, तर गळती शोधलीच पाहिजे. डाव्या बाजूच्या आसनापुढील गालिचा ओला होणे, आत गोडसर वास येणे, काचेवर तेलकट थर साचणे ही हीटर कोअर गळत असल्याची लक्षणे होत. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येणे किंवा ऑइल दुधाळ होणे हे गॅस्केटकडे बोट दाखवते.

दोन नळ्यांची परीक्षा

पातळी योग्य असूनही झोत गार असेल, तर दोन नळ्या उत्तर देतात. इंजिन पुरते तापल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून काही मिनिटे चालवावा आणि मग इंजिन बंद करावे. इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधील पत्र्यातून आत जाणाऱ्या दोन्ही रबरी नळ्यांना जाड कापडातून बेताने स्पर्श करावा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही सुरू होऊ शकतो, त्यामुळे हात त्यापासून दूर ठेवावा.

दोन्ही नळ्या गरम असतील, तर कूलंट फिरते आहे. दोष हवेच्या वाटेत आहे. थंड-गरम हवेचे प्रमाण ठरवणारी आतली झडप अडकलेली, तिची केबल निसटलेली किंवा ती फिरवणारी छोटी मोटार बिघडलेली असते. बटण फिरवताना डॅशबोर्डमागून टकटक ऐकू येणे ही त्याची खूण. एक नळी गरम आणि दुसरी गार असेल, तर कोअर गाळाने तुंबले आहे किंवा काही गाड्यांत असणारा हीटरचा व्हॉल्व्ह बंद राहिला आहे. तुंबलेले कोअर पाण्याच्या उलट प्रवाहाने धुऊन अनेकदा मोकळे होते. ते बदलायचे झाल्यास बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि सुट्या भागापेक्षा मजुरीच अधिक होते.

दोन्ही नळ्या गारच राहिल्या, तर कूलंटमध्ये हवा अडकणे, वॉटर पंप निकामी होणे किंवा थर्मोस्टॅट उघडाच राहणे यांपैकी एक कारण असते. नुकतेच कूलंट बदललेले असेल आणि डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू येत असेल, तर अडकलेली हवा काढून घ्यावी. तिची पद्धत गाडीगणिक वेगळी असते.

थर्मोस्टॅट काढण्याची खोड

थर्मोस्टॅट ही इंजिन आणि रेडिएटर यांच्या वाटेवरील स्वयंचलित झडप. साधारणतः ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ती उघडते. तोवर कूलंट रेडिएटरकडे जात नाही आणि इंजिन लवकर तापते. ती बंद स्थितीत अडकली, तर इंजिन अतितप्त होते. यावर आपल्याकडील अनेक गॅरेजमध्ये ‘आपल्या हवेत याची गरज नाही’ असे सांगून ती काढूनच टाकली जाते. गाडी तापणे थांबते, मालकही समाधानी होतो.

या उपायाची किंमत मागाहून कळते. कूलंट सतत रेडिएटरमधून फिरत राहिल्याने इंजिन योग्य तापमानाला पोहोचण्यास उशीर लागतो, इंधन अधिक जळते आणि आतल्या भागांची झीज वाढते. थंड प्रदेशात महामार्गावर वेग घेताच काटा खाली येतो आणि हीटर गार पडतो. वेगात गार आणि उभ्या गाडीत कोमट, असे घडत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा जागेवरच नाही, असे समजावे. हा भाग इंजिनाच्या दुरुस्तीच्या तुलनेत अत्यंत स्वस्त आहे. याउलट, वेगात गरम आणि सिग्नलवर थांबताच गार, असा अनुभव असेल, तर कमी कूलंट, अडकलेली हवा किंवा अशक्त पंप यांचा संशय घ्यावा.

साध्या पाण्याचा धोका

कूलंटऐवजी नळाचे पाणी भरत राहण्याची सवयही तितकीच घातक. त्यातील क्षार आणि गंज हीटर कोअरच्या बारीक नळ्यांत साचतात. शून्याखाली पाणी गोठते आणि गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. मनालीत रात्रभर उभ्या गाडीचा रेडिएटर किंवा इंजिनाचा ब्लॉक त्याने तडकू शकतो. एथिलिन ग्लायकॉल आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे घेतल्यास मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंत टिकाव धरते. उत्पादकाने सांगितलेल्या प्रकाराचेच कूलंट वापरावे. हा द्रव चवीला गोड, पण विषारी असतो. तो मुलांपासून आणि पाळीव प्राण्यांपासून दूर ठेवावा. गळती बुजवणारी पावडर टाकण्याचा मोह टाळावा. ती गळतीबरोबर हीटर कोअरही बुजवू शकते.

विजेवरील मोटारींना हे निदान लागू पडत नाही. त्यांत हवा तापवण्यासाठी विजेचा हीटर किंवा हीट पंप असतो. नारिंगी रंगाच्या उच्च दाबाच्या केबलना हात न लावता अशी गाडी अधिकृत केंद्राकडेच न्यावी.

उत्तरेकडे निघण्यापूर्वी किमान आठवडाभर आधी घराजवळच वीस मिनिटे गाडी चालवून हीटर पूर्ण गरमवर लावून पाहावा आणि दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर कूलंटची पातळी तपासावी. जुनी गाडी विकत घेतली असल्यास थर्मोस्टॅट जागेवर आहे का, हे मेकॅनिकला आवर्जून विचारावे. हीच चाचणी पावसाळ्यापूर्वीही करावी. घाटातल्या धुक्यात काचेवर आतून धरणारी वाफ एसी आणि हीटर एकत्र लावल्यास झपाट्याने हटते, आणि त्या वळणांवर समोरचे दिसणे उबेपेक्षा अधिक मोलाचे असते.