गाडीचं इंजिन बदलताय? आधी आरसी बघा



आपल्या बऱ्याच गटांत मोटारसायकलसाठी अंतर्गत कर्ज दिलं जातं. डेअरीला दूध घालायला, बाजारात भाजी न्यायला गाडी लागतेच. चालवतात घरातली माणसं, पण आरसीवर नाव कितीदा तरी आपलं असतं. म्हणून हा विषय.

मागे एका बैठकीत एक ताई म्हणाल्या, "मॅडम, कर्ज फेडायला गाडी विकायला काढली, तर गिऱ्हाईक परत गेलं." झालं असं, की वर्षापूर्वी इंजिन जाम झालं होतं. मुलाने गॅरेजमध्ये दुसऱ्या गाडीचं जुनं इंजिन बसवून घेतलं. पैसे वाचले, गाडी पळायला लागली. पण आरसीवर इंजिन नंबर एक आणि गाडीवर दुसराच. बिलही नाही. उद्या ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं, तर पोलीस आधी कोणाला विचारणार? आरसीवर जिचं नाव, तिला!

काय बदललं तर नोंद लागते?
हाफ इंजिनचं काम, म्हणजे त्याच मापाचं बोअर-पिस्टन टाकलं, तर नंबर तोच राहतो. ती दुरुस्ती झाली. पण नंबर कोरलेला खालचा भाग किंवा पूर्ण इंजिनच बदललं, तर नंबर बदलतो. मग आरटीओत नोंद करावीच लागते. जास्त सीसीचं, दुसऱ्या मॉडेलचं इंजिन तर बसवूच नका. कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर लिहिलेल्या माहितीत फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार चालत नाही.

मग करायचं काय?
1. इंजिन त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं घ्या. पक्कं बिल घ्या, त्यावर इंजिन नंबर लिहून घ्या.
2. इंजिन जुनं असेल, तर ते ज्या गाडीचं आहे तिच्या आरसीची प्रतही मागा. देत नसेल, तर घेऊ नका.
3. काम काढण्याआधीच आरटीओत विचारून मंजुरी घ्या. आधीच बदललं असेल, तर कायद्याने 14 दिवसांच्या आत कळवायचं असतं. मुदत टळली असली तरी लपवू नका, जाऊन भेटा.
4. गाडीवर बँकेचं किंवा फायनान्सचं कर्ज असेल, तर त्यांची लेखी संमती घ्या.
5. आरसीवर नवा नंबर चढला, की विमा कंपनीलाही कळवा. नंबर जुळत नसेल तर अपघातानंतर दावा अडू शकतो.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. आरसी काढा, गाडीजवळ जा आणि इंजिन नंबर व चेसिस नंबर दोन्ही ताडून बघा. चिखल असेल तर फडक्याने पुसा. गटाच्या कर्जातून जुनी गाडी घ्यायची असेल, तर पैसे मंजूर करण्याआधी हे बघितलंच पाहिजे.

नंबर जुळला नाही तर घाबरू नका. पुढच्या मासिक बैठकीला आरसी आणि बिल घेऊन या, अर्ज आपण मिळून भरू.

— तुमची क्षेत्र समन्वयक