सुरतेची वखार आणि प्रार्थनेची वेळ

इसवी सन १६८९ मध्ये जॉन ओव्हिंग्टन नावाचा एक इंग्रज धर्मोपदेशक सुरतेच्या प्रवासास निघाला आणि पुढे काही काळ तेथील इंग्रजांच्या वखारीत राहिला. पुढे १६९६ मध्ये त्याचे प्रवासवर्णन लंडनला छापून निघाले. त्यात वखारीच्या दिनक्रमाची जी हकीगत आहे ती आजही लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. रविवारी तीन वेळा उपासना होई. इतर दिवशी सकाळी सहाच्या सुमारास, कोणत्याही कामास हात लावण्यापूर्वी, आणि रात्री आठ वाजता, सर्व कामे उरकल्यावर, अशी दोनदा प्रार्थना होई. वखारीतील प्रार्थनामंदिर नीटनेटके व गंभीर होते; परंतु शहरातील मुसलमानांच्या भावना दुखावू नयेत म्हणून त्यात कोणत्याही सजीव प्राण्याची आकृती ठेवलेली नव्हती. परक्या मुलखात आलेल्या व्यापाऱ्यांनी शेजाऱ्याच्या श्रद्धेचा एवढा विचार करावा, ही गोष्ट त्या काळच्या मानाने लहान नव्हे.

नीळ, सुती कापड आणि मसाल्याचे पदार्थ यांच्या खरेदीविक्रीसाठी उभारलेल्या त्या वास्तूत दिवसाचा आरंभ आणि शेवट हिशेबाच्या वहीने न होता प्रार्थनेने होत असे. मात्र एवढ्यावरून ती वखार म्हणजे एखादा आश्रम होता, असा समज कोणी करून घेऊ नये. वखारीतील नोकर खाजगी व्यापार करीत, मद्यपान करीत, आपापसात भांडत. स्ट्रेनशॅम मास्टर या गृहस्थाचे उदाहरण बोलके आहे. १६७० मध्ये शिवाजी महाराजांची सुरतेवर दुसरी स्वारी झाली, तेव्हा इंग्रजांच्या वखारीचे रक्षण याच मास्टरने केले होते. पुढे बंगालमधील वखारींसाठी त्याने १६७९ मध्ये जे नियम घालून दिले, त्यांत शिवीगाळ आणि मद्यपान यांच्या जोडीला प्रार्थनेस गैरहजर राहणाऱ्यासही दंड सांगितला आहे. ज्या प्रार्थनेस दंडाच्या भीतीने माणसे येतात, तिच्याविषयी येशू ख्रिस्ताने काय म्हटले असते याचा तर्क करणे कठीण नाही. लोकांनी पाहावे म्हणून चवाठ्यावर प्रार्थना करणाऱ्यांना त्याने दोष दिला आणि खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करावयास शिकविले, असे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात नमूद आहे.

आजच्या समाजात प्रार्थनेचे स्थान काय, हा प्रश्न विचारताना सुरतेच्या वखारीची ही आठवण उपयोगी पडते. समाज उत्तरोत्तर निधर्मी होत चालला आहे अशी तक्रार अनेक धार्मिक मंडळी करतात. या शब्दाकडे थोडे बारकाईने पाहावयास हवे. ‘सेक्युलर’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा मूळ अर्थ ‘युग’ अथवा ‘काळ’ असा आहे. ‘सेक्युलॅरिझम’ ही संज्ञा जॉर्ज जेकब होलिओक याने १८५१ मध्ये प्रचारात आणली. भारताच्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आला. राज्याने कोणत्याही एका धर्माचा कैवार घेऊ नये, हा त्याचा आशय आहे आणि अल्पसंख्य ख्रिस्ती समाजास तर तो आधारच आहे. तेव्हा धर्मनिरपेक्ष राज्याविरुद्ध प्रार्थनेची काही तक्रार असण्याचे कारण नाही. अडचण निराळीच आहे, आणि ती त्या मूळ लॅटिन अर्थात दडलेली आहे. माणसाचा सारा काळ जेव्हा याच जगाच्या कामांनी व्यापला जातो, तेव्हा प्रार्थनेस कोणी विरोध करीत नाही. तिच्यासाठी वेळ उरत नाही, इतकेच.

या दृष्टीने आजची सुरत पाहण्यासारखी आहे. जगातील बहुतेक हिऱ्यांना येथे पैलू पाडले जातात. यंत्रमाग रात्रंदिवस चालतात आणि मागावरील कामगाराची पाळी बहुधा बारा तासांची असते. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे फार मोठ्या संख्येने राहतात. सुरतेहून भुसावळकडे जाणारा ताप्तीच्या खोऱ्यातील लोहमार्ग व्यारा, नवापूर, नंदुरबार या गावांवरून जातो. या पट्ट्यात आदिवासी ख्रिस्ती मंडळ्याही आहेत आणि त्यांतील तरुणही कामाच्या शोधात त्याच गाडीने सुरतेस येतात. खेड्यात रविवारी मंदिराची घंटा वाजली की सारी वस्ती निघते. न जाणाऱ्यास शेजारी विचारतात. शहरात रविवारी पाळी असेल तर पाळीवर जावे लागते, आणि पाळी नसेल तर झोप हवी असते. विचारणारे कोणी नसते. प्रार्थना सोडण्याचा निश्चय असा कोणी करीत नाही. एक रविवार जातो, मग दुसरा जातो, आणि दोन वर्षांनी ध्यानात येते की, लहानपणी तोंडपाठ असलेल्या प्रार्थनेतील मधली वाक्ये आता आठवत नाहीत.

आता एक आक्षेप प्रामाणिकपणे ऐकून घ्यावयास हवा. प्रार्थनेवाचून काय अडते? १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेस प्लेगची साथ आली, तेव्हा लक्षावधी लोक काही दिवसांतच शहर सोडून गेले. त्या भीतीच्या दिवसांत सर्वच धर्मांच्या माणसांनी आपापल्या देवास हाक मारली असेल. परंतु शहर सुधारले ते पुढील काळात महापालिकेचे आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत झालेल्या साफसफाईने. कचरा उचलला गेला, गटारे साफ झाली. जे काम झाडूचे आहे ते प्रार्थनेकडून करून घेण्याची अपेक्षा कोणीही शहाणा ख्रिस्ती मनुष्य बाळगणार नाही. औषध, न्याय, शिक्षण, पाणीपुरवठा ही कामे लौकिक समाजाने आपल्याकडे घेतली हे चांगलेच झाले, आणि त्यांतील कित्येक कामांचा आरंभ करण्यात ख्रिस्ती लोकांचाही वाटा होता. संकट आले म्हणजे प्रार्थना सुचते, त्यात नवल नाही. संकट नसलेल्या एखाद्या मंगळवारी तिचे काय प्रयोजन, हाच खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर ख्रिस्ती परंपरेत मुख्यतः एका लहानशा प्रार्थनेत साठविलेले आहे. ‘प्रभूची प्रार्थना’ या नावाने ती ओळखली जाते. शिष्यांना शिकविलेली म्हणून ती मत्तय व लूक या दोघांच्या शुभवर्तमानांत आली आहे. म्हणावयास अर्धे मिनिटही पुरते. तिचा पूर्वार्ध मागणाराच्या स्वार्थासंबंधी अवाक्षरही काढीत नाही. देवाचे नाव, देवाचे राज्य, देवाची इच्छा एवढाच त्याचा विषय आहे. उत्तरार्धात जे मागितले आहे ते ‘मला’ नव्हे, ‘आम्हांस’. बंद खोलीत एकट्याने म्हटली तरी ती अनेकवचनातच म्हणावी लागते. भाकर मागावयाची ती आजच्या दिवसापुरती. वर्षाची बेगमी, नफा, बढती यांपैकी कशाचाही तीत उल्लेख नाही.

त्यानंतरचे मागणे सुरतेसारख्या शहरात विशेष अर्थपूर्ण वाटते. मत्तयाच्या मूळ ग्रीक पाठात या ठिकाणी जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘देणे’ किंवा ‘कर्ज’ असा आहे, आणि मराठी बायबलानेही तेथे ‘ऋण’ हाच शब्द ठेवला आहे. आपली ऋणे सुटावीत अशी इच्छा करणाऱ्याने आधी आपल्या ऋणकोस सोडलेले असावे, असा त्या मागणीचा रोख आहे. इंग्लंडच्या मंडळीच्या प्रार्थनापुस्तकात मात्र या जागी ‘अपराध’ या अर्थाचा शब्द आहे. तेव्हा वखारीतील व्यापाऱ्यांना पहाटेच्या प्रार्थनेत कर्जाची आठवण होत नसावी. एका अर्थी ती त्यांची सोयच म्हटली पाहिजे. कारण सुरतेचा धनाढ्य सावकार वीरजी व्होरा याच्याकडून कंपनीने वेळोवेळी मोठमोठ्या रकमा उचलल्या होत्या, आणि व्याजाच्या दराविषयी तिची कुरकुर नित्याची होती. विनोद सोडला तरी मुद्दा राहतोच. ज्या समाजात प्रत्येक नाते देण्याघेण्याच्या भाषेत मोजले जाते, तेथे दिवसातून एकदा तरी माणसाला आपण स्वतः ऋणी आहोत आणि हे ऋण फेडण्यासारखे नाही, याची जाणीव देणारे असे दुसरे काय आहे? कायदा कर्ज वसूल करून देतो, फार तर दिवाळे जाहीर करतो. क्षमा करावयास तो शिकवीत नाही.

प्रार्थनेसाठी वेळ नाही या अडचणीवरही ख्रिस्ती परंपरेने पूर्वीच विचार केलेला आढळतो. ओव्हिंग्टन सुरतेत होता त्याच सुमारास पॅरिसच्या एका कार्मेलाइट मठात लॉरेन्स नावाचा एक वृद्ध साधक अखेरचे दिवस मोजीत होता. १६९१ मध्ये तो निवर्तला. त्याने आयुष्याची कित्येक वर्षे मठाच्या मुदपाकखान्यात आणि नंतर पादत्राणे दुरुस्त करण्यात घालविली. भांड्यांच्या खडखडाटातही देवाच्या सान्निध्याचे भान राखता येते, एवढीच त्याची शिकवण होती. जात्यावर बसलेली जनाबाई आणि मळ्यात राबणारा सावता माळी ज्यांच्या ओळखीचे आहेत, त्या मराठी वाचकास हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत, त्याचे मर्म हेच. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी ख्रिस्ती उपासनेस अभंग, भजन आणि कीर्तन यांची जोड दिली. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आजही त्यांच्या रचना मोठ्या संख्येने आहेत. परक्या चालीवर गाइलेली प्रार्थना पाठ होते, पण कामाच्या वेळी ओठांवर येत नाही. टिळकांची पदे दळताना, कांडताना म्हणता येत होती.

सुरतेचा प्रार्थनेशी आणखीही एक मराठी संबंध आहे. मराठी व्याकरणाचे कर्ते दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तेथील शाळेवर असताना, १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी यांच्या पुढाकाराने तेथे मानवधर्मसभा स्थापन झाली आणि दादोबांनी तीत प्रमुख भाग घेतला. त्याच शहरात १८१५ पासून लंडन मिशनरी सोसायटीचे पाद्री काम करीत होते आणि त्यांनी गुजराती बायबल छापून प्रसिद्ध केले होते. मानवधर्मसभेतील मंडळींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही, पाद्र्यांशी वादही घातले. तथापि, एक देव आणि जातिभेदरहित मनुष्यसमाज या कल्पनांचा विचार तेथे उघडपणे सुरू झाला. पुढे दादोबांनी मुंबईत परमहंस मंडळी काढली. १८६७ मध्ये मुंबईस जी संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत दादोबांचे बंधू डॉक्टर आत्माराम पांडुरंग हे अग्रभागी होते. आणि तिने नाव घेतले ते प्रार्थना समाज. ती ख्रिस्ती संस्था नव्हती. परंतु समाजसुधारणेच्या कामासही एकत्र बसून केलेल्या प्रार्थनेचा पाया हवा, असे त्या बुद्धिवादी मंडळींना वाटले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता पुन्हा जुन्या सुरतेकडे. कतारगाम दरवाज्याच्या बाजूस इंग्रजांचे व डचांचे कबरस्तान आहे. तेथे ऑक्सेंडन बंधूंची घुमटदार समाधी आहे, आणि डचांनी उभारलेली व्हान रीड याची समाधीही तितकीच भपकेदार आहे. वखारीत प्रार्थना करणाऱ्या बड्या साहेबांच्या या खुणा शिल्लक राहिल्या. परंतु त्याच शतकात सुरतेत एक कापुचिन साधू राहत होता, त्याचे नाव फादर आंब्रोज. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा वीरजी व्होराचा वाडाही सुटला नाही. पण या फादरच्या घरास धक्का लागला नाही, अशी हकीगत फ्रेंच वैद्य बर्निये याने लिहून ठेवली आहे. हे फिरंगी पाद्री सज्जन आहेत, त्यांना उपद्रव देऊ नये, अशी महाराजांची आज्ञा होती असे तो सांगतो. बर्निये स्वतः त्या दिवसांत सुरतेत नव्हता, त्यामुळे ही ऐकीव वार्ता होय. परंतु तिच्यापुढे त्याने जोडलेली दुसरी गोष्टही नोंदविली पाहिजे. डचांच्या एका हिंदू दलालाचे घरही असेच वाचले. तो पूर्वीच मृत्यू पावला होता, आणि हयातीत मोठा दानशूर होता असे महाराजांना सांगण्यात आले होते.

इंग्रजांच्या वखारीत प्रार्थना किती वाजता होत असे ते ओव्हिंग्टनने लिहून ठेवले. फादर आंब्रोज केव्हा आणि किती वेळ प्रार्थना करीत, याविषयी बर्नियेने काहीच लिहिलेले नाही.

ख्रिस्ती घरांतून दिवेलागणीला अथवा जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना करण्याची जी रीत आहे, ती या दोहोंच्या मधली म्हणता येईल. तिला पाद्री लागत नाही, मंदिर लागत नाही. शास्त्रातील एखादा उतारा वाचावयाचा, एखादे पद म्हणावयाचे, घरातील आजारी माणसाचे, परगावी असलेल्या मुलाचे नाव घ्यावयाचे, आणि शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणावयाची. पंधरा मिनिटांत सारे आटोपते. रात्रपाळीचा मनुष्य डबा घेऊन निघण्यापूर्वी ती उरकावी लागते, म्हणून मागावर काम करणाऱ्याच्या घरी तिची वेळ आठवड्या-आठवड्याने बदलते.