बोटीची मोटर बदलताय? आधी इंच मोजा, मग एचपी बघा

गडचिरोली जिल्ह्यातलं मार्कंडा वैनगंगेच्या काठावर आहे, पलीकडे चंद्रपूर जिल्हा. इथं नदी ओलांडणं हा अनेकांच्या रोजच्या कामाचा भाग. जानेवारी २०२४ मध्ये याच चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ नाव उलटली आणि मिरची तोडायला निघालेल्या महिला बुडाल्या. म्हणूनच बोटीच्या मागे बसवायची मोटर, म्हणजे आउटबोर्ड, बदलताना फक्त किंमत बघून चालत नाही.

उंची किती हवी?
बोटीच्या मागच्या फळीची उंची वरून तळापर्यंत मोजा. साधारण १५ इंच असेल तर शॉर्ट शाफ्ट, २० इंच असेल तर लाँग शाफ्ट. शाफ्ट आखूड पडला तर पंखा हवा ओढतो. इंजिन ओरडतं, बोट पुढे जात नाही. लांब झाला तर उन्हाळ्यात पंखा वाळूत घासतो.

जास्त एचपी म्हणजे जास्त सुरक्षित?
नाही. मोठी मोटर जड असते, मागची बाजू दबते आणि पाणी आत येऊ शकतं. बोटीवरच्या पाटीवर लिहिलेल्या कमाल एचपीच्या पुढे जाऊ नका. पाटीच नसेल तर बोट बांधणाऱ्याला विचारा. लाकडी डोंग्याला मोटर लावूच नका.

आणखी काय तपासायचं?
उथळ पाण्यात मोटर वर उचलता येते का, हे बघा. इंजिन बंद करणारी सेफ्टी दोरी चालकाच्या मनगटाला बांधलेली हवी. तो पाण्यात पडला तर दोरी निघते आणि पंखा थांबतो.

गोसीखुर्द धरणातून पाणी सोडलं की खाली प्रवाह वाढतो. अशा वेळी मोटर नवी असली तरी बोट काठालाच ठेवा. आणि लाइफ जॅकेट? प्रत्येकाच्या अंगावर, प्रत्येक फेरीला.